तुरीकडे बोट दाखवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

तुमची बदली झाल्याचं आम्हाला फार उशिरा कळलं. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर कृषी सहाय्यकांचा नवा मोबाइल नंबर लिहिलेला दिसला, तेव्हा. कृषी सहाय्यकाला गावातून हारतुरे घालून निरोप द्यायची आपल्याकडे रीत नाही. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितोय.

गोष्ट खरीप २०२० ची. त्या जूनमध्ये सोयाबीन उगवलं नाही म्हणून लातूर, परभणी, बीडपासून पार विदर्भापर्यंत तक्रारींचा पाऊस पडला. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून त्याची दखल घेतली. पण हे सगळं पुढचं. सुरुवातीला ज्याला त्याला वाटत होतं की हे आपल्याच रानात घडलंय, आणि लोकांना कळायच्या आत वखर घालून, पेरलेलं मोडून मोकळं व्हावं. आमच्या आबांचंही तेच चाललं होतं.

आबांची पेरणी म्हणजे गावात नाव घ्यावं अशी. ट्रॅक्टर आला तरी पेरणी यंत्राच्या मागे चालत, अधूनमधून माती उकरून दाणा किती खोल पडला ते बघणार. त्या वर्षी पाऊस वेळेवर झाला होता, वापसाही, म्हणजे पेरणीजोगी ओल, चांगला होता. तरी तासच्या तास, ओळीच्या ओळी मोकळ्या. कुठं एखादं रोप, मग हातभर तुटाळ, पुन्हा एखादं. दुकानदार म्हणाला, खोल पेरलं असेल. बियाण्याच्या कंपनीचा माणूस फोनवर तेच म्हणाला. पारावर कुणीतरी बोललं, आता वय झालं आबांचं. त्यानंतर आबा रानात जाईनात. "हाताला यश राह्यलं नाही," एवढंच म्हणायचे, आणि ताट तसंच सारायचे. आम्ही घरातले सगळे त्यांना समजावत होतो. होईल, पुन्हा पेरू, एवढं मनाला लावून घेऊ नका. त्याचा काडीचाही उपयोग होत नव्हता. समजूत घातली की माणसाला उलट वाटतं, म्हणजे आपलंच चुकलं तर.

तुम्ही समजूत घातली नाहीत. तोंडाला रुमाल बांधून भर उन्हात आलात, पाणीसुद्धा न घेता म्हणालात, "आबा, चला, उकरून बघू." ते येत नव्हते. तुम्ही बांधावर उभ्या राहिलात, ते येईपर्यंत.

मग तुम्ही तासात खाली बसलात आणि खुरप्याने वीतभर ओळ उघडी केलीत. दाणे हातावर घेऊन एकेक दाखवलंत. हा फुगला आणि तिथेच सडला, बोटाने दाबला की पिठासारखा होतो. याची साल आधीच तडकलेली. याला मोड आला, पण अर्धं दल तुटलेलं. खोलीही तुम्ही बोटाच्या पेरांनी मोजलीत. तीन ते पाच सेंटिमीटर हवी, तेवढीच होती. वर मातीने कडक पापुद्रा धरलेला नव्हता. तो धरला असता तर कोंबाची मान मातीखालीच वाकलेली सापडली असती, हेही तुम्ही सांगितलंत.

आणि मग तुम्ही तुरीकडे बोट दाखवलंत. सोयाबीनमधल्या आंतरपिकाची तूर, घरचंच बियाणं, ओळीच्या ओळी तरारून उभी होती. "रान तेच, ओल तीच, पेरणारा हात तोच," तुम्ही म्हणालात. "तूर आली ना? मग हात बरोबर आहे."

आम्ही सगळे रोज त्या रानात जात होतो. तूर आम्हालाही दिसत होती. पण ती साक्षीदार आहे हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. आबा काही बोलले नाहीत, खुरपं मात्र त्यांनी तुमच्या हातातून घेतलं आणि पुढचं तास स्वतः उकरायला लागले.

नंतर बांधावर बसून तुम्ही कारण सांगितलंत. ऑक्टोबर २०१९ मध्ये परतीच्या पावसाने काढणीला आलेलं सोयाबीन भिजवलं होतं, बियाण्याच्या प्लॉटांचीही त्यातून सुटका झाली नव्हती. सोयाबीनची साल पातळ, आणि कोंब त्या सालीच्या लगेच आत. शेंगेत भिजलं, मळणी यंत्राचे फेरे मिनिटाला ३५०-४०० च्या वर गेले, पोती वरून आदळली, सातापेक्षा जास्त पोत्यांची थप्पी लागली, की दाणा वरून गोरागोमटा आणि आतून मेलेला. तेलाला चालतो, पेरायला नाही.

आबांना लगेच वखर घालून दुबार पेरणी करायची होती. तुम्ही ठाम नाही म्हणालात. आधी अर्ज, तालुका समितीचा पंचनामा, मगच मोडा. पावती, पिशवी, तिच्यावरचा टॅग आणि तळाशी उरलेलं मूठभर बियाणं तुम्ही समोर बसून एका जागी बांधून ठेवायला लावलंत. पेरणीचे दिवस सरत होते, तेव्हा तुमचा राग आला होता, हे आज सांगून टाकतो. पंचनाम्यात उगवण किती टक्के ते कागदावर आलं. प्रमाणित बियाण्याची ती किमान ७० हवी, आमची त्याच्या आसपासही नव्हती. बियाणं बदलून मिळालं, तेही उशिराने. खत, मजुरी, ट्रॅक्टरचं भाडं गेलं ते गेलंच. पण आबा तो कागद पारावर घेऊन गेले आणि ज्याने वय काढलं होतं त्यालाच मोठ्याने वाचायला लावला!

दुबार पेरणी आम्ही शेजारच्या काकांकडच्या घरच्या सोयाबीनची केली, कारण तुम्ही पंधरा जुलैच्या पुढे थांबू नका म्हणाला होतात. ते बियाणं पेरण्याआधी ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत शंभर दाणे मांडून, गुंडाळी करून सावलीत ठेवायला तुम्हीच शिकवलंत. सत्तर उगवले तर एकरी तीस किलो, त्याखाली दर टक्क्याला अर्धा किलो वाढवायचं, साठच्या खाली गेलं तर सरळ घाण्याला. पीक वेळेवरच्या पेरणीइतकं आलं नाही, आणि त्या ऑक्टोबरातही पावसाने काढणीला गाठलंच. ते वर्ष तोट्याचं ते तोट्याचंच. तुम्ही ते भरून काढलंत असं मी म्हणणार नाही, तुम्हालाही ते आवडायचं नाही.

पण आबा दुबार पेरणीला यंत्राच्या मागे पहिल्यासारखेच चालले, माती उकरत. त्यासाठी हे पत्र.

आता मे महिना लागला की आमच्या ओसरीत गोणपाटाच्या गुंडाळ्या असतात. अर्ध्या गावाचे दाणे आबा मोजून देतात, वर नापास झालेल्याला खडसावतातही. तुमच्या नव्या गावात काम कसं आहे ठाऊक नाही, पण संक्रांतीच्या सुमाराला हुरडा तयार होईल. साहेबांना आणि लेकरांना घेऊन या. आबांनी सांगायला लावलंय की या वेळी पाणी न घेता जाऊ देणार नाही.

आपला,
लातूर जिल्ह्यातला एक शेतकरी