फोटो काळे-पांढरे आहेत, बाकी सगळं ठीक

म्युनिक, नोव्हेंबर

ती. आई-बाबांस शिरसाष्टांग नमस्कार.

पाकीट पोचल्याचं दादाने कळवलं. फोटो बघून आईचा चेहरा पडला, हेही त्यानेच कळवलं. अगं आई, मी उदास वगैरे काही नाही. जेवतेय, झोपतेय, जाड कोट घेतलाय. आणि रंगीत फोटो परवडत नाहीत असंही नाही. रंगीत फिल्म धुवायला रसायन बरोब्बर ३८ अंशांवर ठेवावं लागतं, काळ्या-पांढऱ्याचं २० अंशांवर भागतं. म्हणून ती मी घरीच बाथरूममध्ये धुते. (हो, हातमोजे घालून. हो, खिडकी उघडी ठेवून.) प्रिंट मात्र फोटो क्लबच्या डार्करूममध्ये काढते.

रविवारी इथे दुकानं बंद, त्यामुळे अख्खं गाव फिरायला निघतं. मीही इंग्लिश गार्डनमध्ये जाते. नाव इंग्लिश, बाग जर्मनीत आणि १७८९ मध्ये ती काढायची कल्पना अमेरिकेत जन्मलेल्या माणसाची! टेकडीवरचं ते खांबांचं देऊळ बघून तुला बरं वाटलं म्हणे. पण आई, त्यात देव नाही. नुसतंच शोभेचं बांधलंय.

आता तुझा खरा प्रश्न: एकाही फोटोत माणसाचा चेहरा का नाही? मला इथे कुणी ओळखत नाही म्हणून नव्हे. इथे स्वतःच्या चेहऱ्यावर ज्याचा त्याचा हक्क असतो, चक्क कायद्याने. १८९८ मध्ये जर्मनीचे माजी चॅन्सलर बिस्मार्क वारले, त्या रात्री दोन फोटोवाले चोरून त्यांच्या खोलीत शिरले आणि मृतदेहाचा फोटो काढला. घरच्यांनी त्यांना कोर्टात खेचलं. चेहऱ्याबद्दल धड कायदाच नव्हता, तो पुढे १९०७ मध्ये आला आणि अजून चालू आहे. माणसाला विचारल्याशिवाय त्याचा फोटो छापायचा नाही, चारचौघांत दाखवायचा नाही. माणूस गेला तरी पुढची १० वर्षं घरच्यांना विचारायचं. मोर्चा-मिरवणुकीतली गर्दी चालते, देखाव्यात ओघाने आलेला माणूसही चालतो. घरी पाठवायला अर्थात कुणाची हरकत नसावी, पण कायद्यापेक्षा लोकांच्या नजरेची भीती जास्त. आपल्याकडे कॅमेरा दिसला की पोरं ‘आमचा पण, आमचा पण’ करत समोर उभी राहतात. इथे माणूस सरळ पाठ फिरवतो. तेव्हा पाठी दिसल्या त्या अशा. बाकावरच्या एका आजींना मी रीतसर विचारलं, तर म्हणाल्या, माझा नको, याचा काढ. तो ओला काळा कुत्रा त्यांचा. त्याच्या मिशीवर पाण्याचे थेंब आहेत बघ, चष्मा लावून बघ.

आणि गवतावर पान आहे तो फोटो दादाला ‘चुकलेला’ वाटला. पान लालभडक होतं, गवत हिरवंगार. पण काळ्या-पांढऱ्या फिल्मवर दोन्ही जवळजवळ एकाच करड्या रंगात उतरतात. भिंगावर नारंगी काच लावली तेव्हा कुठे पान थोडं उजळलं. मला तोच सगळ्यात आवडलाय.

बाबा, तुमचा क्लिक थ्री कॅमेरा बडोद्याचा असला तरी ॲग्फाचा कॅमेऱ्यांचा मूळ कारखाना इथेच, म्युनिकमध्ये होता. आता तो बंद पडलाय. माळा आवरताना तुमचा भंगारात देऊ नका, त्यात बसणारी १२० ची फिल्म अजून मिळते.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मला यायला जमणार नाही. रजा नाही. म्हणजे रजा मिळेल, पण डिसेंबरच्या तिकिटाला जेवढे लागतील तेवढ्यात चांगली लेन्स बसेल, म्हणून. दादा आहेच. त्याच्या खात्यात पैसे टाकलेत, घराच्या दोन हप्त्यांचेही त्यातच आहेत. वहिनीचे दागिने परत सोडवून आणा आधी, माझ्यासाठी काही ठेवू नका. डोळ्यात ड्रॉप मात्र वेळेवर घाला बाबा, फोनवर ‘घातले’ म्हणून थापा मारू नका.

आत्याने आणलेल्या स्थळाला फोटो हवाय, साडीतला, पूर्ण उंचीचा आणि रंगीत. काढून पाठवते. पत्रिका मात्र मला विचारल्याशिवाय देऊ नका, आणि नोकरी सोडून येईन असं माझ्या वतीने कुणाला कबूल करू नका. ‘एवढ्या लांब राहून काय मिळतं’ असं ते विचारतील, तेव्हा तुम्ही गप्प बसू नका एवढंच. मार्चमध्ये नक्की येते. गणपतीच्या वेळीही नक्की म्हणाले होते, आठवतंय मला. या वेळी तिकीट काढूनच कळवेन.

चि. ओवीला गोड पापा.

तुमची,
माई