पाटीवाल्या मॅडम, थँक्यू

नाव विचारायचं राहूनच गेलं म्हणून इथे लिहितोय. बाबांची तंबाखू तीस वर्षांची, गालातल्या जखमेला आम्ही तीन महिने नुसतं मलम लावत बसलो (चूक आमचीच) आणि मग परळला टाटा कॅन्सर हॉस्पिटलला धावलो. जबड्याचा तुकडा काढला, नाकात नळी. सर्जन, रेडिएशनवाले, केमोवाले सगळे एकत्र बसून ठरवतात ते तिथे पहिल्यांदा कळलं, रेडिएशन ऑपरेशननंतर सहा आठवड्यांच्या आत सुरू करायचं आणि त्याआधी किडके दात काढायचे, कारण नंतर हाडाची जखम सहज भरत नाही.

पण बाबांना पाण्याच्या घोटाने जो ठसका लागला त्यानंतर त्यांनी तोंडच मिटलं. गिळायला शिकवणाऱ्या मॅडमची ड्युटी संपली होती, पर्स खांद्याला, तरी स्टूल ओढून बसल्या. लहान मुलांची पाटी दिली. बाबांनी लिहिलं, 'भीती वाटते'. मॅडमनी खाली लिहिलं, 'मलाही वाटली असती'. मग हनुवटी छातीला टेकवून, अर्धा चमचा घट्ट पेज, गिळून झालं की मुद्दाम खोकायचं, असं पाऊण तास. सातव्या चमच्याला बाबांनी स्वतःच हात पुढे केला. मॅडम, पाटी अजून उशाशीच आहे, काल त्यावर 'वरणभात' लिहिलं होतं.