यादी लावताना

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

साथ आली की 'ठरवून करायच्या शस्त्रक्रिया बंद' असा आदेश निघतो. मुलांच्या शस्त्रक्रिया विभागात तेवढ्यावर भागत नाही, कारण मुलांच्या आजारांना मुदत असते. पित्तनलिका जन्मतः बंद असलेलं बाळ दूध पितं, हसतं. फक्त डोळे पिवळे आणि शी चुन्यासारखी पांढुरकी. शस्त्रक्रियांच्या यादीत ते तातडीचं दिसत नाही. पण त्याची कासाई शस्त्रक्रिया (यकृताला थेट आतडं जोडून पित्ताला वाट करून देणारी) ६० दिवसांच्या आत झाली तर पित्त वाहू लागण्याची आशा जास्त. नंतर यकृत कडक होत जातं. असं बाळ सगळ्यांत वर. बेंबीचा हर्निया खुशाल थांबव. न उतरलेलं वृषण दोन महिने थांबेल, फक्त मूल दीड वर्षाचं होण्याआधी हात लाव. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा जांघेतला हर्निया मात्र लांबवू नकोस, तो अडकतो. प्रत्येक नावापुढे 'या तारखेच्या आत' असं लिही आणि यादी दर आठवड्याला नव्याने लाव.

नवजात बाळाला हिरवी उलटी झाली तर साथीच्या तपासणीच्या अहवालासाठी अडून बसू नकोस. आतड्याला पीळ असेल तर काही तासांत ते काळं पडतं. बाळ बाधित आहे असं धरून पूर्ण पीपीई घाल आणि कामाला लाग. आईबाप 'पिवळी उलटी' म्हणतील. फडक्यावरचा डाग स्वतः बघ. वृषणाचा पीळ ६ तासांत सुटायला हवा. अन्ननलिकेत अडकलेला बटण सेल (घड्याळात, खेळण्यात असतो तो चपटा गोल सेल) तर २ तासांतही आतून भाजतो.

कोविडमध्ये एक फसवणूक नवी होती. संसर्गानंतर २ ते ६ आठवड्यांनी ताप, पोटदुखी, उलट्या, अगदी अपेंडिक्ससारखं. सोबत डोळे लाल, अंगावर पुरळ आणि सोनोग्राफीत अपेंडिक्स साधं असेल तर एमआयएस-सी (कोविडनंतर मुलांच्या अनेक अवयवांना एकदम येणारी सूज) मनात आण आणि भूल देण्याआधी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घे. त्यात हृदय कमजोर झालेलं असू शकतं, आणि तेच भुलेखाली दगा देतं.

भुलेसाठी श्वासनळीत नळी सर्वांत सरावलेल्या हाताने घालायची, टोकाशी फुगा (कफ) असलेली, म्हणजे बाजूने हवा गळत नाही. बाकीच्यांनी तेवढा वेळ बाहेर थांबायचं. थिएटरची हवा तासाला किती वेळा बदलते ते तांत्रिक विभागाला विचार. १५ वेळा बदलत असेल तर हवेत उडालेले ९९ टक्के कण निघून जायला १८ मिनिटं लागतात. या खोळंब्यात तान्ही बाळं विनाकारण उपाशी राहतात आणि त्यांची साखर उतरते. अंगावरचं दूध ४ तास आधीपर्यंत, साधं पाणी २ तास आधीपर्यंत चालतं. वेळ पुढे गेली की वॉर्डला लगेच कळव, म्हणजे त्यांना पाजता येईल.

टाके विरघळणारेच घाल, म्हणजे ते काढायला हेलपाटा नको. जखमेचा फोटो दिवसाउजेडी काढून मागव. आणि घरी सोडताना आईबापांना स्पष्ट सांग: हिरवी उलटी, फुगलेलं पोट, न उतरणारा ताप, यांतलं काहीही दिसलं तर साथीच्या भीतीने घरी थांबू नका, रात्र असली तरी या.

तुझी,
आई