नोट ६६ मिलिमीटरची, पाकीट अजून जुन्याच मापाचे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नोव्हेंबर २०१६ नंतर आलेल्या नोटांनी आपल्या खिशाचे गणित बदलले, पण दुकानातल्या पाकिटांपर्यंत ही बातमी पुरती पोहोचलेली दिसत नाही. जुनी पाचशेची नोट १६७ बाय ७३ मिलिमीटर होती आणि हजाराची १७७ बाय ७३. आजची पाचशेची नोट १५० बाय ६६ आहे, दोनशेची १४६ बाय ६६ आणि नवी शंभराची १४२ बाय ६६. जुन्या मापाला धरून कापलेली ९५ मिलिमीटर उंचीची, दोन घड्यांची (मधोमध पुस्तकासारखी मिटणारी), अस्तर लावलेली पाकिटे मात्र अजून सर्रास विकली जातात. ग्राहक रंग बघतो, वास घेतो, किमतीत घासाघीस करतो. पट्टी लावून मोजत कोणीच नाही.

मोजले तर एक सोयीची गोष्ट लक्षात येते. बँकेचे कार्ड जगात कुठेही घ्या, ते ८५.६० बाय ५३.९८ मिलिमीटरचे आणि ०.७६ मिलिमीटर जाडीचे असते. आजची पाचशेची नोट मधोमध एकदा दुमडली की ७५ बाय ६६ होते, म्हणजे रुंदीला ती कार्डापेक्षा लहान भरते. त्यामुळे आतून ९० मिलिमीटर रुंद आणि ७० मिलिमीटर खोल असा एक मधला कप्पा असलेला साधा कार्ड होल्डर आज पूर्ण पाकिटाचे काम करतो. जुनी पाचशेची दुमडून ८३ बाय ७३ व्हायची आणि अशा कप्प्यातून वर डोकवायची. दोन घड्यांचे जाड पाकीट तेव्हा गरजेचे होते, आज बहुतेकांना त्याची गरज नाही. जुन्या मालिकेतली १५७ बाय ७३ ची शंभराची नोट अजून हातात येते, तिला एक घडी जास्त घालावी लागते एवढेच.

जाडीचा हिशेबही करून पाहावा. सहा कार्डे म्हणजे साडेचार मिलिमीटर. दहा नोटा एकदा दुमडल्या की दोन मिलिमीटर, वापरून मऊ झालेल्या असतील तर थोडे जास्त. यात काटछाट करायला वाव नाही. उरले चामडे. दोन्ही बाजूंना दोन-दोन कप्पे आणि मध्ये नोटांची व उरलेल्या दोन कार्डांची जागा अशा कार्ड होल्डरमध्ये चामड्याचे सहा थर येतात. प्रत्येक थर ०.८ मिलिमीटरचा धरला तर पाच मिलिमीटर होतात आणि सगळे मिळून भरलेले पाकीट साडेअकरा-बारा मिलिमीटरचे होते. दोन घड्यांच्या पाकिटात बाहेरचे सव्वा मिलिमीटरचे चामडे दोनदा येते, शिवाय त्यामागचे अस्तर, नोटांच्या कप्प्याचा पडदा, प्रत्येक बाजूला तीन कप्पे आणि त्यांची अस्तरे. तेवढाच ऐवज ठेवूनही ते वीस मिलिमीटरला सहज पोहोचते. फुगलेल्या पाकिटाचा दोष आपण त्यातल्या पावत्यांना देतो. पावत्यांचा वाटा असतोच, पण निम्मी जाडी पाकिटाची स्वतःची असते.

दोन घड्यांचेच हवे असेल तर कार्डांचे कप्पे प्रत्येक बाजूला दोनच असलेले घ्यावे. आडव्या कप्प्यांत प्रत्येक कार्ड खालच्यापेक्षा सुमारे १२ मिलिमीटर वर बसते. त्यामुळे तीन कप्प्यांना ८५ मिलिमीटरच्या आसपास उंची लागते, दोन कप्प्यांचे काम, नोटेची उंची धरूनही, ८० मध्ये भागते. हे पाच मिलिमीटर कागदावर किरकोळ वाटतात, पँटच्या पुढच्या खिशात बसताना जाणवतात.

आता टिकाऊपणाकडे येऊ. ‘जेन्युइन लेदर’ हा शिक्का दर्जा सांगत नाही. वरचा दाणा, म्हणजे कातड्याचा मूळ पृष्ठभाग, शाबूत असलेल्या कातड्यावर तो असतो आणि खालचा थर सोलून त्यावर रंगाचा लेप चढवलेल्या स्प्लिटवरही असतो. त्याच्याही खाली बाँडेड लेदर येते. चामड्याचा चुरा चिकटद्रव्यात कालवून, पत्रा लाटून, वर पीयूचा (पॉलियुरेथेन या प्लॅस्टिकचा) मुलामा दिलेला हा माल. मुंबई, कोकण, गोवा इथल्या दमट हवेत पीयूचा थर हवेतल्या ओलाव्याने आतून विघटित होत जातो, आधी चिकट होतो आणि मग पापुद्र्याने सुटतो. कपाटात जपून ठेवलेले न वापरलेले पाकीटही सोलते ते यामुळेच. ‘मी तर हातही लावला नव्हता’ ही तक्रार खरी असते, पण वापराशी त्याचा संबंध नसतो.

ओळखायचे कसे? कप्प्याच्या आतली न रंगवलेली कड शोधावी. खरे चामडे तिथे तंतुमय दिसते. कापडाची जाळी किंवा एकसारखा पुठ्ठ्यासारखा काप दिसला तर पाकीट खाली ठेवावे. मग अंगठ्याने दाबून घडी घालावी. दाणा असलेल्या चामड्यावर बारीक, वेड्यावाकड्या सुरकुत्या उठतात आणि सोडल्यावर जातात. कृत्रिम थरावर सुरकुती सरळ रेषेत पडते किंवा पांढुरकी चीर दिसते. वासावर विसंबू नये, तो बाटलीतून येतो. लायटरची ज्योत फिरवून ‘बघा, जळत नाही’ म्हणणाऱ्या फेरीवाल्याच्या प्रयोगाला तर काहीच अर्थ नाही, कारण क्षणभर फिरवलेल्या ज्योतीने कितीतरी कृत्रिम मालावरही डाग उमटत नाही. त्यापेक्षा पांढरा रुमाल किंचित ओला करून पाकिटावर दहा-बारा वेळा घासावा. रंग रुमालावर आला तर घामाने तो पँटवरही येणार.

वनस्पतीजन्य द्रव्यांनी कमावलेले चामडे दिसायला देखणे असते आणि वापराने गडद होत जाते, पण पावसाचा थेंब पडला की त्यावर डाग धरतो. क्रोमने, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी, कमावलेले चामडे मऊ असते आणि घामपाणी बरे सोसते. चार महिने पावसात लोकलने जाणाऱ्याने क्रोमचे घ्यावे असे माझे मत आहे, हौशी मंडळींना ते पटणार नाही. म्हशीचे कातडे जाड आणि चिवट असते, बाहेरच्या अंगाला ते उत्तम. आतल्या कप्प्यांना मात्र बकरीचे पातळ चामडे हवे. सगळीकडे एकच जाड चामडे वापरलेले पाकीट दणकट वाटते आणि खिशात विटेसारखे बसते.

शिलाईत बहुतेक लोक फसतात ते बारीक टाक्याला. बारीक टाका नाजूक दिसतो, पण इंचाला बारा-चौदा भोके पडली की चामडे पोस्टाच्या तिकिटासारखे त्या रेषेवर फाटते. इंचाला आठ ते दहा टाके पुरेत, कडेपासून तीनेक मिलिमीटर आत. दोरा नायलॉनचा किंवा पॉलिस्टरचा असावा, सुती दोरा घामाने कुजतो. कप्प्याच्या तोंडाशी, जिथे कार्ड ओढताना ताण येतो, तिथे दोन-तीन टाके उलटे घेतलेले आहेत का ते पाहावे. मशीनच्या शिलाईत वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकलेले असतात, त्यामुळे एक टाका तुटला की पुढचे सुटत जातात. दोन सुयांनी हाताने घातलेली शिलाई तशी उसवत नाही, पण तिचे दाम जास्त. रोजच्या पाकिटाला चांगली मशीनची शिलाई चालते.

आणखी एक जागा म्हणजे कप्प्यांचा तळ. चांगला कारागीर मागच्या कप्प्याचे चामडे खालपर्यंत नेत नाही. वरची दिसणारी पट्टी चामड्याची ठेवतो आणि खाली पातळ कापड जोडतो, कडा रापीने तासून घेतो. स्वस्त मालात तिन्ही थर तळापर्यंत पूर्ण येतात. पाकीट रिकामे असताना तळाची आणि वरची बाजू चिमटीत धरून पाहिली की फरक लगेच कळतो. कडेला रंगाचा जाड लेप असेल तर घडीच्या जागी तो आधी तडकतो, म्हणून घडीपाशी दुमडून शिवलेली कड जास्त टिकते.

नव्या पाकिटात कार्ड घट्ट बसते म्हणून घाबरू नये, आठ-पंधरा दिवसांत चामडे सैल होते. उलट घाईने एका कप्प्यात दोन कार्डे कोंबली तर तो कायमचा ताणला जातो आणि पुढे एकटे कार्ड त्यातून निसटते. पारदर्शक प्लॅस्टिकची खिडकी असलेले पाकीट टाळावे. ते प्लॅस्टिक मऊ ठेवणारी द्रव्ये फोटोला आणि लॅमिनेशनला चिकटतात, थर्मल कागदावरच्या पावतीची अक्षरे उडवतात आणि द्रव्ये निघून गेली की खिडकी पिवळी पडून तडकते. वॉरंटीची पावती अशा खिडकीत ठेवणे म्हणजे ती हाताने पुसण्यासारखेच. आधारपत्राचा खालचा तुकडा कापून लॅमिनेट केलेला असेल तर त्याची कड कार्डाच्या मापाबाहेर जाते आणि कप्प्याचे टाके ताणते. त्याऐवजी प्लॅस्टिकचे पीव्हीसी आधार मागवावे किंवा आधारचे अधिकृत अ‍ॅप फोनमध्ये ठेवावे. वाहन परवाना आणि आरसी डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमध्ये असतील तर तपासणीत ग्राह्य धरतात. पॅन कार्ड रोज बाळगायचे काही कारण नाही.

अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पत्र्यांची, मध्ये इलॅस्टिक असलेली पाकिटे हल्ली खूप दिसतात. पातळ ती नक्कीच आहेत. पण पत्र्याची कड फोनच्या काचेवर आणि कार्डाच्या चिपवर ओरखडे काढते, इलॅस्टिक सैल पडले की कार्डे गळतात आणि बारीक स्क्रू ढिले होतात. घ्यायचेच असेल तर इलॅस्टिक सुटे मिळते का हे आधी विचारावे. खटका दाबून कार्डे वर येणाऱ्या डबीत अक्षरे उठावदार असलेली जुनी कार्डे ठेवली तर सहाच्या जागी चारच मावतात.

अशा पाकिटांची जाहिरात ‘कार्डचोरीपासून संरक्षण’ म्हणून होते. ही भीती वाढवून सांगितलेली आहे. संपर्कविरहित कार्ड मशीनपासून काही सेंटिमीटरवरच वाचले जाते. पिनशिवाय एका वेळी पाच हजारांपर्यंतचाच व्यवहार होतो. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमानुसार नव्या कार्डावर ही सोय ग्राहकाने स्वतः चालू करेपर्यंत बंद असते. वापरत नसाल तर बँकेच्या अ‍ॅपमधून बंद ठेवा, त्याला पैसे पडत नाहीत. धातूचे अस्तर मात्र मेट्रोच्या फाटकापाशी नडते, कारण पाकिटातले कार्ड वाचलेच जात नाही. साध्या पाकिटात याच्या उलट घोटाळा होतो. बँकेचे आणि मेट्रोचे कार्ड एकावर एक असले की यंत्र कधी हे वाचते, कधी ते, कधी दोन्ही नाकारते. मेट्रोचे कार्ड एका बाहेरच्या कप्प्यात आणि बँकेची दुसऱ्या बाजूला ठेवावीत, किंवा टॅप करताना कार्ड बाहेर काढावे.

नाण्यांचे काय? दहाचे आणि वीसचे नाणे २७ मिलिमीटर व्यासाचे आहे. अशी चार-पाच नाणी पातळ पाकिटात घातली की ते पातळ राहत नाही आणि नाण्यांचा ठसा चामड्यावर कायमचा उमटतो. एसटीने, रिक्षाने फिरणाऱ्याने सुटे पैसे वेगळ्या चेनच्या बटव्यात ठेवावेत.

परदेशी जाणाऱ्यांनी तिथल्या नोटा मोजून घ्याव्यात. डॉलर सुमारे १५६ बाय ६६ मिलिमीटरचा असतो, आपल्या मापाच्या पाकिटात आरामात बसतो. युरोचे तसे नाही. पन्नास युरोची नोट १४० बाय ७७ आहे, ती वर डोकवते आणि कडेला चुरगळते. युरोपात एक आणि दोन युरोची नाणी असतात, त्यामुळे तिथे नाण्यांचा कप्पा खरोखर लागतो. पासपोर्ट १२५ बाय ८८ मिलिमीटरचा असतो. तो मावेल असे पाकीट पँटच्या खिशात मावत नाही, त्याला वेगळे आवरणच बरे. एक कार्ड आणि थोडी रोकड पाकिटाबाहेर, सामानात दुसरीकडे ठेवावी आणि निघण्यापूर्वी कार्डाचा परदेशातला वापर अ‍ॅपमधून चालू करून घ्यावा, तोही आपोआप चालू नसतो. चुंबकाची क्लिप असलेले पाकीट हॉटेलच्या काळ्या पट्टीच्या खोलीच्या कार्डाला भोवते, कारण त्या पट्टीवरची नोंद सहज पुसली जाते. बँकेच्या कार्डाची पट्टी अधिक चिवट असते आणि चिपला चुंबकाने काही होत नाही.

गर्दीच्या लोकलमध्ये मागचा खिसा नकोच. चोरी सोडा, त्यावर बसून कार्ड वाकते आणि चिपच्या कडेला चीर पडते किंवा आतली तार तुटते. वरून धड दिसणारे कार्ड टॅपला चालत नाही ते बऱ्याचदा यामुळे. ट्रॅक पँट आणि कुर्त्याच्या उथळ खिशातून गुळगुळीत चामडे सरकते, तिथे खरखरीत नायलॉनचे पाकीट बरे. ट्रेकला आणि भर पावसात तर नायलॉनच घ्यावे, झटकून वाळते.

चामड्याचे पाकीट भिजले तर रिकामे करावे, कोरड्या फडक्याने टिपावे, आत कोरा कागद घालून पंख्याखाली ठेवावे. वर्तमानपत्र घालू नये, शाई लागते. (आपल्या अंकाबद्दल आदर राखूनच हे लिहितो!) उन्हात किंवा हेअर ड्रायरने वाळवले तर चामडे आखडते आणि कडक होते. वाळल्यावर रंगहीन बूट क्रीमचा पातळ हात पुरे. रोजच्या वापरातल्या पाकिटाला बुरशी सहसा लागत नाही, ती लागते भेट म्हणून आलेल्या आणि कपाटात पडलेल्या पाकिटाला. तिथे सिलिका जेलची पुडी ठेवावी.

उत्पादकांना आणि दुकानदारांना एवढीच विनंती की पाकिटाच्या चिठ्ठीवर नोटेच्या कप्प्याचे आतले माप, बाहेरचे आणि आतले चामडे कोणते, अस्तर कशाचे, हे मराठीत छापावे. आणि ग्राहकांनी शिलाई सुटली म्हणून चांगले पाकीट टाकू नये. चांभाराकडे न्यावे, जुन्याच भोकांतून नायलॉनच्या दोऱ्याने शिवायला सांगावे, नवी भोके पाडू देऊ नयेत आणि दोऱ्याचे टोक जाळून दाबून घ्यावे.

आपला,
चर्मवस्तू व्यवसायातील एक वाचक,
मुंबई