फंडिंग किती वर्षांचं, ते आधी विचारा

माननीय संपादक, स.न.वि.वि.

धरमपेठेत आजकाल परदेशी शिक्षणाच्या कन्सल्टन्सीचे बोर्डच बोर्ड, अन् आता मास्टर्ससोबत पीएचडीचंही दुकान लागलं आहे. मी जर्मनीतून पीएचडी करून आलो म्हणून ओळखीतले पालक विचारायला येतात, पहिला प्रश्न एज्युकेशन लोनचा. मी म्हणतो काका, लोन काढून पीएचडी करायचीच कशाला? अमेरिकेत चांगल्या प्रोग्राममध्ये फी माफ असते वर असिस्टंटशिपचा, म्हणजे शिकवण्यात-संशोधनात मदत करण्याचा स्टायपेंड, जर्मनीत तर बहुतेक ठिकाणी सरळ नोकरीच, कॉन्ट्रॅक्ट, पगार, हेल्थ इन्शुरन्स सगळं, फक्त पगार बरेचदा अर्ध्या नाहीतर दोन-तृतीयांश पदाचा अन् काम पूर्ण दिवसाचं! इंग्लंडमध्ये मात्र आपल्या पोरांना फी भारी पडते, तिथे स्कॉलरशिपशिवाय जाऊच नये.

फायदा आहेच, नाही कोण म्हणतं. ज्या टेस्टसाठी इथून सॅम्पल दुसऱ्या शहरात पाठवून वाट बघत बसतो ती मशीन तिथे खालच्या मजल्यावर असते, अन् मीटिंगमध्ये गाईडची चूक काढली तर कोणी डोळे वटारत नाही, निदान माझ्या लॅबमध्ये तरी.

पण खरी गोची वेगळीच. कॉन्ट्रॅक्ट ३ वर्षांचं अन् थिसिसला लागतात ४-५, मग शेवटच्या वर्षाचे पैसे कुठून येणार हे ॲडमिशनच्या आनंदात कोणी विचारतच नाही, त्यात व्हिसाही त्याच कॉन्ट्रॅक्टवर अन् कॉन्ट्रॅक्ट वाढवणं गाईडच्या हातात, म्हणजे त्याच्याशी बिनसलं की सगळंच लटकलं. दीक्षाभूमीच्या गावात हे वेगळं सांगायला नको खरं तर, बाबासाहेबांचीसुद्धा बडोद्याची स्कॉलरशिप संपली म्हणून १९१७ ला लंडनचा अभ्यास अर्धवट सोडून यावं लागलं, १९२० ला परत गेले तेव्हा कुठे १९२३ मध्ये डी.एस्सी. झाली.

अन् परत येऊन प्राध्यापकी करायची असेल तर यूजीसीचा २०१८ चा नियम वाचून जा. क्यूएस, टाइम्स किंवा शांघाय या जागतिक रँकिंगच्या पहिल्या ५०० मधल्या विद्यापीठाची पीएचडी असली तर सहायक प्राध्यापकाला नेट, म्हणजे प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, लागत नाही. त्याबाहेरचं विद्यापीठ असलं तर नेटही द्या, हे आमच्या कन्सल्टन्सीवाल्यांच्या ब्रोशरमध्ये मला तरी कुठे दिसलं नाही.

ऑफर लेटर आलं की गाईडला नाही, त्याच्या लॅबमधून मागच्या दोन-तीन वर्षांत बाहेर पडलेल्या पोरांना मेल टाका, शेवटचं वर्ष कशावर काढलं म्हणून.

एक वाचक, प्रतापनगर, नागपूर