एका गल्लीत दोन चर्च

शिकागो
रविवार, रात्री उशिरा

प्रिय बाळ्या,

तुझा गुडघा आणि माझी शुगर आहेत तिथंच आहेत असं धरून चालू. काकूंना नमस्कार सांग. आता मुद्द्याचं.

आमचं इथलं मराठी मंडळ फुटायच्या बेतात आहे. हस लेका, हस. इथं कुणाला सांगावं तर जो तो कुठल्यातरी बाजूचा. घरात सांगावं तर ही म्हणते, "खजिनदार व्हायला कुणी सांगितलं होतं?" राहिलास तू. गल्लीतलं गणपती मंडळ फोडण्याचा अनुभव गाठीशी असलेला माझ्या ओळखीचा दुसरा माणूस नाही. (फोडलं तुम्हीच. मूर्ती चौकात बसवायची ठरली असताना रातोरात तालमीच्या दारात नेली कुणी? असो.)

तर, वर्षानुवर्षं देणग्या साठवून हॉलपुरते पैसे जमलेत. नेपरव्हिलकडच्या मंडळींना हॉल तिकडं हवा, शॉमबर्गवाल्यांना इकडं. मधलं अंतर गर्दीच्या वेळी तासाभराचं. परवाच्या सभेत आवाज चढले, घटनेची कलमं वाचली गेली, एकानं दुसऱ्याचं गाव काढलं. आणि चेकवर सही लागते माझी. दोन्हीकडचे रोज फोन करून आधी मुलांची चौकशी करतात, यावरून काय ते समज.

शेजारचे पोलिश आजोबा आठवतात ना? गॅरेजमध्ये रात्री रंधा मारत बसणारे, ज्यांना तू "जय भवानी" शिकवून गेलास. अजून मला बघून ते हात वर करून तेच ओरडतात, आणि मला पुढचं म्हणावं लागतं. १९८१ मध्ये तिकडं लष्करी कायदा लागला, त्यानंतरच्या वर्षांत आलेले. त्यांना मंडळाचं सांगितलं तर म्हणाले, "हॉल एकच? एवढ्यावर भांडताय?" आणि शनिवारी मला गाडीत घालून नोबल स्ट्रीटवर घेऊन गेले.

बाळ्या, त्या एका रस्त्यावर, चालत पाच मिनिटांच्या आत, दोन अवाढव्य पोलिश चर्च आहेत. सेंट स्टॅनिस्लॉस कोस्टका १८६७ चं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्या एका चर्चचे सभासद ३५-४० हजार धरतात. मग हाकेच्या अंतरावर होली ट्रिनिटी कशाला? भांडणातून! पोलंड तेव्हा नकाशावर नव्हताच. रशिया, प्रशिया, ऑस्ट्रियानं १७९५ पर्यंत सगळा वाटून घेतलेला, तो परत आला थेट १९१८ ला. देशच नाही, तर पोलिश कुणाला म्हणायचं? एक गट म्हणे, आधी कॅथलिक, मग बाकीचं. चर्चची मालमत्ता बिशपच्या नावावर. दुसरा म्हणे, आधी देश. विटांचे पैसे आम्ही दिले, कागद आमच्या नावावर. पहिल्यांचे म्होरके फादर विन्सेंट बार्झिन्स्की, १८७४ पासून १८९९ ला मरेपर्यंत सेंट स्टॅनिस्लॉसचे सर्वेसर्वा. (आपल्या दत्तूमामांना झगा घाल, झाले बार्झिन्स्की.) दुसऱ्यांच्या होली ट्रिनिटीला बरीच वर्षं कुलूपच. शेवटी १८९३ ला पोपचा प्रतिनिधी आर्चबिशप सातोली जातीनं शिकागोत आला, तेव्हा कुठं ते दार कायमचं उघडलं. आपल्या गणपतीचं प्रकरण निदान पोलीस चौकीपर्यंतच गेलं.

आजोबा हे सगळं असं सांगत होते की जणू सातोलीला स्टेशनवरून हेच घेऊन आले. मी मात्र वेगळंच काहीतरी बघत होतो. त्या भांडणामुळं प्रत्येक गोष्ट दुप्पट झाली. एकांची पोलिश रोमन कॅथलिक युनियन १८७३ ची, तर दुसऱ्यांची पोलिश नॅशनल अलायन्स १८८० ची. पहिलीत कॅथलिकच, दुसरीत ज्यूही चालत. एकांचा दैनिक पेपर १८९० ला निघाला, तर १९०८ ला अलायन्सचा, जो शंभरी ओलांडूनही चालला. दोघांचाही खरा धंदा विम्याचा. कत्तलखान्यात किंवा पोलादाच्या कारखान्यात नवरा गेला तर बायकोच्या हातात चार पैसे पडावेत म्हणून. आणि पुरुष एकमेकांची टोपी उडवण्यात गुंतलेले असताना बायकांनी १८९८ ला आपली तिसरीच संस्था काढली, पोलिश विमेन्स अलायन्स. हे मी घरी सांगितलं ती चूक. आता मंडळात तिसरा गट तयार होतोय आणि त्याच्या बैठका माझ्याच स्वयंपाकघरात होतात.

तर माझी गंमत अशी की भांडणाची मला भीती वाटतच नाही. नेपरव्हिलवाल्यांनी एक बांधावा, आम्ही एक बांधू, होऊन जाऊ दे. पण ते लोक चर्चपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर राहत. पोरं दिवसभर चर्चच्याच शाळेत, नन्सच्या हाताखाली पोलिश शिकत. आम्ही महिन्यातून एकदा, बर्फ नसेल तर, डबे घेऊन गोळा होतो. आणि त्यांच्याकडं माणसांचा ओघ होता. तोही १९२४ च्या स्थलांतरितांवरच्या कोटा कायद्यानं आटला. मग महायुद्धानंतर घरदार गेलेले आले, मग ऐंशीच्या दशकात आजोबांसारखे. म्हणजे तिकडं काही वाईट घडलं की इकडची पोलिश वस्ती पुन्हा तरुण व्हायची. आमची भरती व्हिसावर. उद्या एका सहीनं तो नळ बंद झाला तर हॉलमध्ये गुढी उभारायला मी आणि जोशीकाकाच. त्यातून काकांना शिडी चढवत नाही.

त्यात सई. सभेहून आलो, तावातावानं सांगत होतो, पुढच्या पिढीसाठी वगैरे. ती म्हणाली, "बाबा, हॉल तुम्हाला हवाय तर घ्या ना. आमच्या नावावर कशाला?" रागावून नाही, अगदी प्रेमानं. त्या रात्री झोप लागली नाही. आजोबांची नातवंडंही शनिवारच्या पोलिश शाळेत नाक मुरडत जातात, पण निदान जातात. सई मराठी शाळेत चौथीनंतर गेलेली नाही. मी ओढून नेली नाही. ओढून न्यायला पाहिजे होती का, हे मी तुलाच विचारू शकतो, कारण तुझी तर कोल्हापुरात राहून इंग्लिश मीडियमला आहेत.

आणखी एक. १९५० च्या दशकात महामार्ग आखताना सेंट स्टॅनिस्लॉस त्याच्या वाटेत येत होतं. लोकांनी असा जोर लावला की रस्ता वाकवून चर्च वाचवलं. आजही केनेडी एक्सप्रेसवेवरून जाताना ते अगदी खिडकीला घासून जातं. पण तोवर लोक स्वतःच मिलवॉकी अव्हेन्यूनं वायव्येकडं सरकू लागले होते. आज तिथं प्रार्थना पोलिशमध्ये होते, इंग्रजीत होते आणि स्पॅनिशमध्येही. पुढच्या बाकावर एक मेक्सिकन आजी डोळे मिटून बसली होती. मला पटकन आपलं कोल्हापूरचं गांधीनगर आठवलं. तुझे आबा सांगायचे ना, वळिवड्याच्या निर्वासित कॅम्पातल्या पोलिश बायका भाजीचा भाव मराठीत करायच्या? १९४३ ते ४८, सुमारे ५,००० माणसं, बहुतेक बायका नि पोरं. ती गेली आणि त्याच बराकींत सिंधी आले. आता आपण तिथं लग्नाचा बस्ता काढायला जातो आणि कुणाच्या मनातही येत नाही. उद्या आमच्या हॉलमध्ये दुसऱ्या कुणाची लग्नं लागली तर मला वाईट वाटेल का? खरं सांगू, नाही वाटणार. पण देणगीदारांना हे कुठल्या तोंडानं सांगू?

हे आजोबांना सांगितलं तर त्यांनी नवीनच काढलं. १९४३ ला मुंबईहून एका अमेरिकन जहाजानं सुमारे ७०० पोलिश निर्वासित कॅलिफोर्नियाला गेले, तिथून मेक्सिकोला सांता रोझाच्या वसाहतीत. त्यातले बरेच पुढं शिकागोत स्थिरावले. म्हणजे या गावातल्या काही पोलिश म्हाताऱ्यांनी मुंबई बंदर माझ्या आधी पाहिलंय. मी तर बारावीनंतर पाहिलं, तेही तुझ्या उलट्या आवरत.

पुलास्की रोडचं सांगायचं राहिलं. १९३३ ला क्रॉफर्ड अव्हेन्यूचं नाव बदलून पोलिश सेनानी पुलास्कीचं दिलं म्हणून दुकानदार कोर्टात गेले, ते १९५२ पर्यंत भांडत होते. आपल्या चौकाच्या पाटीवर इतकी चिकाटी कुणी दाखवली नाही.

तुझ्या दुकानाचं काय झालं? भाडेकरूनं गाळा सोडला का? केतकीची सीईटी झाली असेल, मार्क कळव. सुन्याला माझे पैसे परत मागू नकोस, त्याला वाटेल मी मेलो.

आता काम. माझ्याबरोबर दुसरी सही अध्यक्षांची लागते, आणि ते पुढच्या आठवड्यात अंबाबाईला येतायत. तुझा नंबर दिलाय. घरी बोलव, पांढरा रस्सा पाज, मंडळाचा विषय अजिबात काढू नकोस. दुसऱ्या वाटीनंतर ते स्वतःच बोलतील. मला एवढंच हवंय: नेपरव्हिलचा तो प्लॉट नक्की कुणाच्या मेव्हण्याचा आहे.

तुझाच,
पिंट्या