दार उघडा, पण कुलपाची अट आधी लिहा

महोदय,

विकसनशील देशांनी परदेशी विद्यापीठांना आपल्याकडे शाखा काढू द्याव्यात का, यावर आपण दोन बाजूंचे दोन लेख शेजारी शेजारी छापलेत. एका लेखकाला त्यात ज्ञानगंगा दारी आलेली दिसते, दुसऱ्याला नवी ईस्ट इंडिया कंपनी. मी अशाच एका शाखेत नऊ वर्षं सहाय्यक कुलसचिव होते. प्रवेश, परीक्षा, गुणपत्रिका, फीचा परतावा ही माझी कामं. शाखा बंद होत असल्याची सूचना शेवटी फलकावर लावली, तीही मीच. त्यामुळे मला पडणारा प्रश्न दोन्ही लेखांत सापडला नाही. विद्यापीठ उद्या निघून गेलं, तर मागे काय राहतं?

प्रवेशाच्या दिवसांत पालक शिकवणार कोण, हे क्वचितच विचारत. ‘पदवीच्या कागदावर शाखेचं नाव येतं का हो?’ हा मात्र हमखास प्रश्न. येत नाही म्हटलं की चेहरे खुलायचे. मुलगी घरून ये-जा करणार आणि कागद सातासमुद्रापारचा! यात हसण्यासारखं काही नाही. बाहेर पाठवणं झेपत नसलेल्या घरांसाठी ही खरोखरच वाट असते. 1997 च्या आर्थिक संकटात मलेशियाचं चलन, रिंगिट, कोसळलं, तेव्हा तिथल्या कित्येक कुटुंबांना परदेशातली फी परवडेनाशी झाली. तिथे खासगी उच्च शिक्षणाचा कायदा 1996 मध्येच झाला होता. 1998 मध्ये मोनॅश आणि 2000 मध्ये नॉटिंगहॅम विद्यापीठाची शाखा तिथे सुरू झाली, आणि दोन्ही अजून चालू आहेत. तेव्हा अशा शाखा टिकतच नाहीत, असं मी म्हणणार नाही.

पण आमच्याकडचा कारभार सांगते. संख्याशास्त्राचे प्राध्यापक मूळ विद्यापीठातून दहा दिवसांसाठी यायचे आणि अख्ख्या सत्राचा अभ्यासक्रम त्या दहा दिवसांत उरकायचे. अकराव्या दिवशी मुलं शंका घेऊन माझ्या टेबलाशी उभी! मला काय कळतंय त्यातलं? एरवी शिकवायला स्थानिक तरुण असत, वर्षावर्षाच्या करारावर. त्यांनी तपासलेले पेपर फेरतपासणीला मूळ विद्यापीठात जात आणि गुण परत येईपर्यंत पुढचं सत्र अर्धं झालेलं असे. एका वर्षी करविषयक पेपरात सगळे प्रश्न त्यांच्या देशातल्या करांवर आले होते. मुलांनी ते पाठ करून सोडवलेही, हे आणखी वाईट. ग्रंथालयाची तर वेगळीच गंमत. माहितीपत्रकात लाखो नियतकालिकांचा उल्लेख होता, पण त्यातल्या बऱ्याच संग्रहांचे परवाने मूळ परिसरापुरतेच असल्यामुळे आमच्या मुलांना पडद्यावर ‘प्रवेश नाही’ एवढंच दिसायचं.

विषय म्हणाल तर व्यवस्थापन, लेखा, संगणक. प्रयोगशाळा, रुग्णालय किंवा शेतजमीन लागेल असं काही नको असायचं. मलेशियात जोहोरला न्यूकासल विद्यापीठाने वैद्यकीय शिक्षण सुरू केलं, तसे अपवाद आहेत. आमच्या शाखेत मात्र सगळ्यात महागडी वस्तू म्हणजे स्वागतकक्षातला संगमरवर.

आता बंद होण्याबद्दल. हे क्वचित घडतं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठाने मार्च 2007 मध्ये सिंगापूरला शाखा उघडली, मे महिन्यात ती बंद करण्याचं जाहीर केलं आणि जूनअखेर कुलूप लावलं. विद्यार्थी होते 148. अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठाची संयुक्त अरब अमिरातीतल्या रास अल खैमामधली शाखा 2009 मध्ये आटोपली, तोवर तिथून एकाही विद्यार्थ्याला पदवी मिळाली नव्हती. टेक्सास ए अँड एम विद्यापीठ कतारमध्ये 2003 पासून होतं, तिथे पैशाची चणचण नव्हती. तरी फेब्रुवारी 2024 मध्ये टेक्सासमधल्या त्यांच्या नियामक मंडळाने ही शाखा 2028 पर्यंत बंद करण्याचा ठराव केला. सिंगापूर आणि कतार हे श्रीमंत देश. त्यांच्या खजिन्याला हा धक्का सोसतो. ज्या देशाने जमीन फुकट दिली, करमाफी दिली आणि आपल्या सरकारी कॉलेजातल्या रिक्त जागा तशाच ठेवल्या, त्याच्या हाती काय उरेल?

आमच्याकडे शुक्रवारी संध्याकाळी ईमेल आली. सोमवारी फाटकापाशी पालक. पहिल्या वर्षाच्या मुलांना ‘मूळ परिसरात जागा देऊ’ असं कळवलं होतं. विमानाचं तिकीट आणि तिथला राहण्याचा खर्च कोण करणार, याबद्दल पत्रात चकार शब्द नव्हता. परदेशी जाणं परवडत नाही म्हणून तर ती मुलं आमच्याकडे आली होती!

एक जुना दाखला देते. 1948 मध्ये नायजेरियातलं इबादान, गोल्ड कोस्ट (म्हणजे आताचा घाना) आणि जमैका इथे कॉलेजं निघाली. पदवी लंडन विद्यापीठाची, पण अभ्यासक्रम आणि प्रश्नपत्रिका ठरवण्यात तिथल्या अध्यापकांचाही हात असे. व्यवस्था साम्राज्याच्या काळातली, तिचे गोडवे मला गायचे नाहीत. पण 1961 मध्ये घाना विद्यापीठ, 1962 मध्ये इबादान आणि जमैकातलं वेस्ट इंडीज विद्यापीठ स्वतःची पदवी देऊ लागलं. लंडनचं नाव निघालं, विद्यापीठं राहिली. आमच्या शाखेच्या इमारतीत पुढे फर्निचरचं दुकान आलं, असं ऐकते.

चीनने यातलं काहीतरी ओळखलं असावं. 2003 च्या त्यांच्या नियमांनुसार परदेशी संस्थेला एकटीने येता येत नाही, चिनी भागीदार लागतो. निंगबोमधलं नॉटिंगहॅम काय किंवा शांघायमधलं न्यूयॉर्क विद्यापीठ काय, तसंच उभं राहिलं. तिथल्या सरकारची विद्यापीठांवरची पकड मला पसंत नाही, ती बाजू वेगळी. पण परका भागीदार गेला तरी वास्तू, नोंदी आणि शिकवणारे हात जागेवर राहण्याची शक्यता त्यात अधिक असते.

म्हणून माझं मत ‘येऊ द्या’ असंच आहे, फक्त उद्घाटनाची तारीख ठरण्याआधी बंद करण्याच्या अटी कागदावर याव्यात. शेवटची तुकडी त्याच गावात, त्याच फीमध्ये पूर्ण करायची. त्यासाठी लागणारी रक्कम परवानगीच्या दिवशीच बँक हमी म्हणून ठेवायची. निम्मे तरी अध्यापक कायम नेमणुकीचे, आणि पेपर काढण्यात त्यांना अधिकार. शिवाय प्रत्येक विद्यार्थ्याच्या नोंदींची प्रत पहिल्या सत्रापासून त्या देशातल्या एखाद्या सरकारी विद्यापीठाकडे. ही शेवटची अट कुणाला क्षुल्लक वाटेल, पण माझी सगळी नोकरी या कागदांत गेली आहे. आमच्या नोंदी पेट्यांत भरून मूळ विद्यापीठाकडे रवाना झाल्या तेव्हा यादी मीच केली होती.

गेल्या वर्षी तेव्हाच्या एका विद्यार्थिनीने मला शोधून काढून पत्र लिहिलं. नोकरीसाठी तिला दुसऱ्या वर्षाच्या गुणपत्रिकेची साक्षांकित प्रत हवी होती. मूळ विद्यापीठाचं उत्तर होतं, ‘आपल्या शाखेशी संपर्क साधा.’ पेटीचा क्रमांक मला आठवत होता, तो मी त्यांना कळवला. प्रत मिळायला चार महिने लागले. तोवर ती जागा भरली गेली होती.

आपली,
एक निवृत्त सहाय्यक कुलसचिव